खिशांतील अड्डा : जुगाराचा नवा कायदा व शेतकरी

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत केंद्र सरकारनें ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा केला, त्याची चर्चा शहरांतील वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. परंतु ती बहुतेक क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर आतां कोणाचें नांव येणार आणि कोणत्या कंपनीचे किती नोकर कमी होणार, एवढ्यापुरतीच झाली. शेतकऱ्याचा या कायद्याशीं काय संबंध, असें विचारणारे सद्गृहस्थ आम्हांस शिर्डी-राहात्याच्या बाजारांत अजून भेटतात. संबंध आहे, आणि आमच्या जुन्या दप्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यापर्यंत पोहोंचणारा आहे.

प्रथम जुना कायदा पाहूं. आपल्या इकडे जुगाराविरुद्ध जो मुख्य कायदा आहे तो मुंबई इलाख्याचा १८८७ चा. आज तो महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा या नांवानें ओळखला जातो. त्याची सर्व बांधणी जागेभोंवतीं आहे. घर, खोली, आवार, वाहन, म्हणजे जेथें जुगार चालतो ती जागा; तिचा मालक व चालक; आंत सांपडलेले लोक; आंत सांपडलेलीं साधनें. पोलिसांनीं छापा घालावा, पत्ते व रोकड जप्त करावी, पंच बोलावावे, पंचनामा करावा. आम्ही महसूल खात्यांत जितकीं वर्षें कारकुनी केली तितकीं वर्षें असे पंचनामे ऐकत व पाहत आलों. त्यांत एक सतरंजी, पत्त्यांचा एक कॅट, थोडी चिल्लर आणि पळून गेलेल्या चौघांचीं नांवें, एवढा ऐवज असावयाचा. या कायद्यानें जुगार बंद झाला असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु जुगार खेळणारास घर सोडून कोठें तरी जावें लागत असे. तो ओढ्याच्या काठीं किंवा गांवाबाहेरच्या पडक्या वाड्यांत जावयाचा, आणि तो कोठें गेला हें गांव पाहत असे. बायको पाहत असे, भाऊबंद पाहत असत, सोसायटीचा सेक्रेटरीही पाहत असे. पोलिसांच्या छाप्यापेक्षां या पाहण्याचा धाक मोठा होता.

आतां जागाच उरली नाहीं. अड्डा खिशांत आला. मुलगा पाण्याच्या पाळीवर रात्रीं मोटार सुरू करावयास शेतावर जातो, विहिरीच्या कडेला बसतो, आणि पाणी वाफ्यांत शिरेपर्यंत दहा डाव खेळून होतात. पंचनामा कशाचा करावयाचा? सतरंजीच नाहीं.

जुगार ही शहरांतून खेड्यांत आलेली ब्याद आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त हें एका जुगाऱ्याचें रडगाणें आहे, आणि त्याचा शेवट फांसे सोडून शेती कर अशा उपदेशानें होतो. म्हणजे हा आजार आपल्या जमिनीवर फार जुना आहे. कौटिल्यानें तर त्यावर अधिकारी नेमला होता. जुगार एकाच ठरविलेल्या ठिकाणीं व्हावा, अन्यत्र खेळणारास दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेंकडा पांच सरकारांत यावे, अशी त्याची व्यवस्था. त्यालाही अड्डा एका जागीं असल्यावांचून बंदोबस्त करतां येत नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु एक तक्रार आमची शहरवाल्यांविरुद्ध आहे, आणि ती आम्ही मांडणारच. शेतकऱ्याच्या पावसावर आणि शेतकऱ्याच्या कापसावर त्यांनीं जुगार उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत पावसावर पैजा लावण्याचा मोठा धंदा होता. अमुक वेळांत पाऊस पडेल कीं नाहीं, यावर पैसे लागत. १८८९ सालीं मुंबई हायकोर्टापुढें प्रश्न आला, तेव्हां अशा पैजा १८८७ च्या कायद्याच्या शब्दांत बसत नाहींत असा निकाल झाला. सरकारनें लगेच १८९० सालीं कायद्यांत दुरुस्ती करून पावसावरील पैजांस त्यांत ओढलें. कायदा केल्यापासून तीन वर्षांत जुगार त्याच्या बाहेर सटकला आणि कायद्यास मागें धांवावें लागलें. आज जें चाललें आहे त्याचा हा पहिला धडाच म्हणावयाचा.

पुढें कापूस आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारांत भाव काय उघडला व काय मिटला, ते आंकडे तारेनें मुंबईस येत आणि त्यांवर पैसे लागत. हाच तो ‘आंकडा’. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आपल्या खेड्यांत शिरले ते त्या कापसाच्या भावांतून. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कहून आंकडे येण्याचें बंद झालें, तेव्हां मडक्यांत चिठ्ठ्या घालून आंकडा काढण्याची युक्ति निघाली आणि त्याचें नांव मटका पडलें. वरळीचे कल्याणजी भगत आणि त्यांच्यानंतर रतन खत्री यांचीं नांवें आमच्या पिढीला पाठ आहेत. विदर्भ-खानदेशच्या ज्या शेतकऱ्यानें कापूस पिकविला त्याला न्यूयॉर्कचा भाव कधीं मिळाला नाहीं. पण त्या भावाच्या शेवटच्या आंकड्यावर त्याची मजुरी मात्र गेली.

याच ओघांत आणखी एक गोष्ट बोलून टाकतों. ‘शेती म्हणजे पावसाचा जुगार’ हें वाक्य सभांतून, अर्थसंकल्पाच्या वेळीं आणि अलीकडे आमच्याच मुलांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. हें वाक्य आम्हांस अत्यंत हानिकारक वाटतें. शेतींत धोका आहे, जुगार नाहीं. पाऊस गेला तर आमचें पीक जातें, पण त्यामुळें शेजाऱ्याच्या कणगींत दाणा वाढत नाहीं. उलट पीक आलें तर तें कोणाचें तरी काढून घेतलेलें नसतें. नव्यानें निर्माण झालेलें असतें. दुष्काळी वर्षांतही चार पेंढ्या कडबा हातीं लागतो, बांध नीट होतो, जमिनीची ओळख वाढते. जुगारांत एकाचें जाणें हेंच दुसऱ्याचें येणें असतें आणि मध्यें तिसरा आपला वांटा काढून घेतो. जो मुलगा लहानपणापासून शेतीला जुगार म्हणतां ऐकतो, तो मोठेपणीं असें म्हणतो कीं, जुगारच खेळावयाचा तर बसल्या जागीं कां खेळूं नये? त्याला उत्तर देण्याची सोय आपणच ठेवीत नाहीं.

आतां त्या तिसऱ्याच्या वांट्याचा हिशेब करूं, कारण हिशेब हें आमचें जन्माचें काम. समजा, दहा जणांनीं दहा दहा रुपये काढून शंभराचा डाव मांडला आणि खेळविणाऱ्या कंपनीनें त्यांतून फक्त दहा रुपये आपल्यासाठीं ठेवले. उरले नव्वद. तेच नव्वद पुनः डावांत आले, पुनः दशांश गेला, उरले एक्याऐंशी. असे सात डाव झाले म्हणजे खेळणाऱ्या दहाही जणांमध्यें मिळून अठ्ठेचाळीस रुपयेसुद्धां राहत नाहींत. दहा डावांनंतर पस्तिसांच्या आंत. कोणी कितीही हुशार असो, या पस्तिसांतच त्यांची आपसांतली लूट. बाकीचे पासष्ट ज्यानें एकही पत्ता हातांत धरला नाहीं त्याच्या घरीं. सावकाराचें व्याज पुष्कळदां अन्यायाचें असलें तरी वर्षाकांठीं मोजलें जाई. हें व्याज पांच मिनिटांस एकदां मोजलें जातें.

या कंपन्यांनीं आजवर कायद्याच्या हातीं न लागण्यास ज्या शब्दाचा आधार घेतला तो शब्द ‘कौशल्य’. १८८७ च्या कायद्याच्या तेराव्या कलमांत केवळ कौशल्याच्या खेळांस हा कायदा लागू नाहीं, अशी सवलत आहे. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबई राज्य विरुद्ध चामरबागवाला या शब्दकोड्यांच्या बक्षिसांच्या प्रकरणांत जुगार हा व्यापारच नव्हे, आणि म्हणून व्यापाराच्या मूलभूत हक्काचें संरक्षण त्यास नाहीं, असें ठरविलें. परंतु १९६८ सालीं त्याच न्यायालयानें रमी हा मुख्यत्वेंकरून कौशल्याचा खेळ आहे असें म्हटलें. १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतीविषयीं तसेंच झालें. आणि २०१९ सालीं मुंबई हायकोर्टानें मोबाईलवरील क्रिकेटच्या काल्पनिक संघांच्या खेळास जुगार म्हणण्याचें नाकारलें. या निकालांवर हा सारा डोलारा उभा राहिला.

१९६८ च्या निकालांतील पहिली ओळ जाहिरातींतून सर्वांस पाठ झाली, परंतु पुढची ओळ कोणी वाचून दाखवीत नाहीं. त्या निकालांत न्यायालयानें असेंही म्हटलें आहे कीं, खेळविणारा क्लब किंवा घराचा मालक जर पैसे लावून खेळलेल्या रमीपासून स्वतः नफा काढीत असेल, तर गुन्हा शाबीत होऊं शकेल. प्रत्येक डावांतून वांटा काढणारी कंपनी याहून निराळें काय करते, हें आम्हां व्हर्नाक्युलर शाळेंत शिकलेल्या माणसास तरी समजत नाहीं. शिवाय कौशल्य आहे म्हटलें तरी तें कोणाचें? हस्तिनापुरच्या सभेंतही कौशल्य होतेंच. तें शकुनीचें होतें.

हा सगळा वाद नव्या कायद्यानें एका वाक्यांत मिटविला, हें त्याचें मोठें कार्य. लोकसभेनें २० ऑगस्ट २०२५ रोजीं व राज्यसभेनें दुसऱ्या दिवशीं तो संमत केला आणि २२ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे भरून पैसे मिळण्याच्या आशेनें खेळलेला ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोहोंचा असो, या कायद्यानें निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणारास तीन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणारास दोन वर्षें व पन्नास लाखांपर्यंत. पैशांची देवघेव करून देणाऱ्या बँका व संस्थांसही चालविणाराइतकीच शिक्षा. मात्र खेळणारास शिक्षा नाहीं. पैशाविना खेळले जाणारे खेळ व स्पर्धांचे ई-खेळ यांस उत्तेजन देण्याचीही त्यांत योजना आहे. तो भाग शेतकऱ्याच्या हिताअहिताचा नसल्यामुळें सोडून देतों. कायदा होतांच मोठमोठ्या कंपन्यांनीं पैशांचे खेळ आपण होऊन थांबविले. कांहींनीं न्यायालयाचा मार्ग धरला, आणि निरनिराळ्या हायकोर्टांतील ते दावे सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२५ मध्यें आपल्याकडे वर्ग करून घेतले.

खेळणारास शिक्षा नाहीं यावरून आमच्या कांहीं मित्रांस राग आहे. त्यांचें म्हणणें, पारावर तीन पत्ते खेळणारास पोलीस धरून नेतात आणि मोबाईलवर लाख रुपये उडविणारा मोकळा! दिसावयास ही विसंगति खरी आहे. पण आम्हांस कायद्याचीच बाजू योग्य वाटते. ज्या मुलास शिक्षेची भीति आहे तो बापाला सांगणार नाहीं, बँकेला सांगणार नाहीं, पोलिसांकडे तर जाणारच नाहीं; तो गुपचूप दुसरें कर्ज काढील. तो बोलता राहिला तरच घर वांचेल. दुरुस्ती करावयाचीच असेल तर ती जुन्या कायद्यांत करून पारावरच्या गरीब खेळाडूला सोडावें आणि चालकाला धरावें.

या कायद्यावर दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. सज्ञान माणसानें आपला पैसा कोठें उडवावा हें सरकारनें कां सांगावें? आक्षेप घेणारे बहुधा मोठ्या शहरांतले असतात आणि त्यांस आपल्या जिल्ह्याचा इतिहास ठाऊक नसतो. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले. तेव्हांही ‘करार तो करार, सज्ञान माणसानें आंगठा दिला आहे’ हेंच उत्तर कोर्टांतून मिळत असे. अखेर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करावा लागला. पुणें, सातारा, सोलापूर आणि आपला नगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला, आणि कागदाच्या मागें जाऊन मूळ व्यवहार काय झाला तें पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. इंग्रजासारख्या व्यापारी सरकारास जें पटलें, तें आज स्वराज्यांत परकें कां वाटावें? आणि ज्या इंग्लंडांत जुगाराचे परवाने मिळतात, त्या इंग्लंडानेंही एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डानें, म्हणजे उसन्या पैशानें, जुगार खेळण्यास बंदी केली आहे.

सरकारी अंदाजाप्रमाणें देशांत ४५ कोटी लोक या खेळांच्या नादीं लागून वर्षास सुमारें २०,००० कोटी रुपये गमावीत होते. भागाकार केला तर माणशीं ४४४ रुपये पडतात, आणि हा आंकडा पाहून कोणी म्हणेल कीं एवढ्यानें काय होतें, चहालाही याहून अधिक लागतात. असल्या सरासरीनेंच नेहमीं फसगत होते. शंभरांतील नव्वद जण चाळीस पन्नास रुपये घालवून हात झाडतात. उरलेल्या थोड्यांचें घर जातें, आणि कंपनीचा नफा त्या थोड्यांवर असतो. नागपुरांतील एका व्यापाऱ्यानें २०२३ च्या जुलैमध्यें आपण ऑनलाइन जुगारांत ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांकडे केली आणि त्यांत गोंदियाच्या एका इसमावर आरोप ठेवला, तें प्रकरण वाचकांस स्मरत असेल. तेथें कोटी होते म्हणून वर्तमानपत्रांत आलें. आमच्याकडे गुंठे जातात, तें छापून येत नाहीं.

तें कोणत्याही सरकारी कागदांतही येत नाहीं, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. फेरफाराच्या नोंदवहींत ‘खरेदीनें’ असें लिहिलेलें असतें, ‘कां’ तें लिहिलेलें नसतें. पूर्वीं नोंद घालावयास आलेला माणूस बोलतां बोलतां कारण सांगून जाई: मुलीचें लग्न, विहिरीला पाणी लागलें नाहीं, बापाचें ऑपरेशन. सेवेच्या शेवटच्या काळांत आम्हीं असे लोक पाहिले कीं ज्यांचें लग्न नाहीं, आजार नाहीं, पीकही बरें आलेलें, आणि जमीन मात्र चालली. विचारलें तर खालीं पाहत. एका बागाईतदाराची पेरूची बाग, चांगली उत्पन्न देणारी, चार महिन्यांत इसार, साठेखत आणि खरेदी या पायऱ्या उतरून दुसऱ्याच्या नांवावर गेली. मुलगा पदवीधर. ज्या दिवशीं नोटीस काढली त्या दिवशीं बापानें आम्हांस एवढेंच विचारलें कीं, विहिरींतला हिस्सा तरी राहतो काय. राहत नव्हता, दस्तांत तो गेलेला होता.

शिर्डीच्या आसपास ही गोष्ट विशेष कां लागते, याचें कारण उघड आहे. येथें शेतकऱ्याच्या हातांत एकदम मोठी रक्कम येण्याचे प्रसंग पुष्कळ. देवस्थानामुळें रस्त्याकडेच्या जमिनींस प्लॉटचा भाव आला. २०१७ सालीं विमानतळ झाला. समृद्धि महामार्ग कोपरगांवच्या शिवारांतून गेला आणि डिसेंबर २०२२ मध्यें नागपुरापासून शिर्डीपर्यंत खुला झाला, त्याच्या मोबदल्याचे पैसे शेतकऱ्यांच्या खात्यांत आले. शिवाय उसाचें पेमेंट आहे, गुलाब व पेरूची रोजची पट्टी आहे. पैसा खात्यांत, खातें मोबाईलवर आणि मोबाईल मुलाच्या हातांत, अशी ही सांखळी आहे. पूर्वीं पैसे कोपरगांवच्या किंवा राहात्याच्या बँकेंतून काढावे लागत, स्लिप भरावी लागे, आणि खिडकीवरचा ओळखीचा कॅशियर ‘एवढे कशाला, पाटील?’ असें विचारी. आतां चार आंकड्यांचा पिन हा एवढाच पहारेकरी.

जाहिरातीचा प्रकार तर सर्वांहून वाईट होता. क्रिकेट पाहावयास बसलें कीं षट्कामागून षट्क याच जाहिराती. ज्यांना मुलें देव मानतात तेच खेळाडू व नट त्यांत. ३१ ऑगस्ट २०२३ रोजीं बच्चू कडू यांनीं सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईंतील घरापुढें याच कारणावरून आंदोलन केलें, तेव्हां पुष्कळांनीं त्यांस हंसून घेतलें. त्यानंतर जुलै २०२५ मध्यें जें घडलें तें हंसण्यासारखें राहिलें नाहीं. विधान परिषदेच्या सभागृहांत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातांतील मोबाईलवर पत्त्यांचा खेळ दिसत असल्याचें चित्रण आपल्याच जिल्ह्यांतील कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनीं प्रसिद्ध केलें. राज्यभर शेतकऱ्यांनीं पत्ते उधळले आणि महिनाअखेरीस कृषिखातें कोकाटे यांच्याकडून काढून दत्तात्रय भरणे यांच्याकडे देण्यांत आलें. आपण खेळत नव्हतों, तो खेळ आपोआप पडद्यावर आला व तो आपण बंद करीत होतों, असें कोकाटे यांचें म्हणणें होतें. आम्ही न्यायाधीश नव्हे. त्यांचें म्हणणें शब्दशः खरें धरून चालूं. तर मग प्रश्न अधिकच बिकट होतो. राज्याचा मंत्री विधिमंडळाच्या सभागृहांत बसला असतां जर हा खेळ न बोलावतां त्याच्या हातांत येऊन उभा राहतो, तर विहिरीवर एकट्या बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराची काय कथा?

सरकारचेंही वर्तन सरळ नाहीं, हें सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. १९६९ पासून महाराष्ट्र राज्याची स्वतःची लॉटरी आहे. महालक्ष्मीच्या व पुण्याच्या शर्यतींवर परवान्यानें पैसे लागतात. १९७६ सालीं आपल्या विधिमंडळानें कॅसिनोस परवाने देण्याचा कायदा करून ठेवला. तो कधींच अंमलांत आणला नाहीं आणि २०२३ सालीं मंत्रिमंडळानें तो रद्द करण्याचें ठरविलें, हें बरें झालें. शेजारच्या गोव्यांत मांडवीच्या पाण्यावर कॅसिनोचीं जहाजें उभीं आहेत. तेथील सरकारनें २०२० सालीं गोव्याच्या रहिवाशांस त्यांत खेळण्यास मनाई केली, पाहुण्यांस मात्र मोकळीक ठेवली. म्हणजे वस्तु विषारी आहे हें ठाऊक आहे, फक्त ती दुसऱ्याच्या मुलाला विकावयाची. ऑनलाइन खेळांवरही ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या संपूर्ण रकमेवर शेंकडा २८ कर बसविला होता. कर घ्यावयाचा असेल तोंवर धंदा, आणि ओरड झाली कीं पाप, असें धोरण असलें म्हणजे लोकांचा कायद्यावर विश्वास बसत नाहीं.

कायद्यानें कंपन्या थांबल्या, पण परदेशांत बसून चालणारे अड्डे थांबले नाहींत, ही अडचण खरी आहे. आतां गांवांत एखादा पोरगा ‘आय्‌डी’ देतो. पैसे त्यानें सांगितलेल्या खात्यावर टाकावयाचे. पहिल्या दिवशीं पांचशांचे आठशे होऊन येतात. हे आठशे म्हणजे गळाला लावलेलें गांडूळ, हें मासे धरणाऱ्या कोणाही मुलाला कळावें. खात्यांविषयीं तर वाचकांनीं विशेष सावध राहावें. महिना कांहीं हजार रुपये देऊं, तुमचें बँक खातें, एटीएम कार्ड व सिमकार्ड आम्हांस वापरावयास द्या, असें सांगत फिरणारे लोक खेड्यापाड्यांतून आहेत. जुगाराचा व फसवणुकीचा पैसा त्या खात्यांतून फिरतो, आणि चौकशी आली म्हणजे ती खातेदाराच्या दारांत येते. खातें गोठतें, त्याच खात्यांत पीएम-किसानचा हप्ता, विम्याची रक्कम आणि उसाचें बिल अडकून पडतें. खेळणारास शिक्षा नसली तरी खातें भाड्यानें देणारा खेळणारा राहत नाहीं, देवघेव करून देणारा होतो, हा फरक मुलांस समजावून द्यावा.

आतां ज्यांच्या घरांत ही आपत्ति शिरलेली आहे त्यांच्यासाठीं कायद्याच्या चार गोष्टी, ज्या आम्हांस कचेरींत बसून ठाऊक झाल्या आणि पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊक नसतात. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणें निरर्थक आहे. जिंकलेले पैसे मिळावे म्हणून कोणासही दावा लावतां येत नाहीं. जुन्या मुंबई इलाख्यांत तर १८६५ च्या तिसऱ्या कायद्यानें पैजेसाठीं किंवा तिच्या अनुषंगानें केलेले करारही निरर्थक ठरविले आहेत. म्हणून जुगाराच्या देण्यापोटीं कोणी कोरा धनादेश किंवा जमिनीची इसारपावती मागूं लागला, तर घाबरून सही करूं नये. आधीं वकिलास दाखवावी. सही होऊन गेली असल्यासही वकिलाकडे जाण्यास उशीर करूं नये.

दुसरें, बापाचें जुगाराचें कर्ज मुलानें फेडलेंच पाहिजे, अशी एक समजूत अजून आहे व तिचा फायदा घेतला जातो. आपल्या धर्मशास्त्रानेंही दारू व द्यूत यांचें ऋण मुलाच्या माथीं कधीं मारलें नव्हतें. आणि २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्ती कायद्यानंतर, त्या दुरुस्तीनंतर काढलेल्या बापाच्या कर्जासाठीं केवळ पितृऋण म्हणून मुलावर कोर्टांत जातांच येत नाहीं. आज उलटाच प्रकार अधिक, मुलाचें कर्ज बापाकडे मागतात. त्याला तर मुळींच आधार नाहीं. बापानें जामिनकीची सही केली असेल तर गोष्ट निराळी, म्हणून सही करतांना कागद पुरता वाचावा.

तिसरें, जुगारासाठीं पैसे बहुधा बिनपरवाना सावकाराकडून येतात, आणि तो जमिनीचें खरेदीखत करून घेतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणें, पंधरा वर्षांच्या आंतील असा व्यवहार सावकारीपोटीं झाला हें चौकशींत शाबीत झालें, तर खरेदीखत असूनही जमीन परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकांच्या कचेरींत करावा. साक्षीदार, बँकेचा उतारा, फोनवरील निरोप जें असेल तें जपून ठेवावें. ‘लाज वाटते म्हणून पुसून टाकलें’ असें सांगणारे आम्हांस अनेक भेटले, आणि पुसलेल्या पुराव्यानें त्यांची जमीन गेली.

चौथें, फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याच्या आंत कळविलें तर ते अडविण्याचा संभव असतो. दोन दिवस घरांत भांडण करून मग कळविल्यास तो राहत नाहीं.

राहिलें आपल्या संस्थांचें काम. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी कारखाना उभारला, तो शेतकरी सावकाराच्या हातांतून सुटावा म्हणून. तेव्हां ज्या सोसायट्यांनीं कर्ज कशासाठीं घेतों हें विचारण्याचें धैर्य दाखविलें, त्यांच्या आजच्या संचालकांनीं हा विषय वार्षिक सभेंत घ्यावा, अशी आमची सूचना आहे. उसाचें बिल किंवा भूसंपादनाचा मोबदला पति-पत्नीच्या संयुक्त खात्यांत जमा व्हावा आणि ठराविक रकमेच्या वर काढावयास दोघांच्या सह्या लागाव्या, अशी व्यवस्था शेतकऱ्याच्या एका अर्जानें करतां येते. बँकेनें ती आपण होऊन सुचवावी. मोबाईलवरून एका दिवसांत किती रक्कम बाहेर जावी याची मर्यादा कमी करून घेतां येते, तीही घ्यावी. आणि तलाठी कार्यालयाच्या फलकावर, जेथें पीक पाहणीच्या सूचना लागतात तेथें, सावकारी कायद्याच्या अठराव्या कलमाची एक ठळक सूचना लावण्यास कोणत्याही नव्या मंजुरीची जरूर नाहीं. या महिन्यांत ज्या वाचकांस तलाठी कार्यालयांत जाण्याचा योग येईल त्यांनीं ती मागावी.